शेळीचं दूध ‘हलकं’, म्हणून चालतं?

माझी तीन वर्षांची भाची ठाण्यात, नौपाड्याला आमच्याकडेच राहते. तिला दूध, अंडं आणि शेंगदाणा, तिन्हींची अ‍ॅलर्जी आहे. घरी येणारं प्रत्येक जण मायेनं सांगतं, “गाईचं सोसत नाही ना? मग शेळीचं द्या, हलकं असतं.” हा सल्ला चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

अ‍ॅलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची, मुख्यतः केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनची. गाय, शेळी, मेंढी यांची ही प्रथिनं इतकी सारखी असतात, की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहापैकी नऊ मुलांना शेळीच्या दुधानंही त्रास होतो. म्हशीचं दूधही सुरक्षित नाही. ‘हलकं-जड’ हा पचनाचा मामला, अ‍ॅलर्जी मात्र प्रतिकारशक्तीची. आणि दूध कितीही उकळलं तरी केसीन टिकून राहतं.

साजूक तुपातही प्रथिनांचा अंश उरू शकतो, म्हणून तिच्या वरणाला फोडणी तेलाची. जांभळी नाक्यावरून नारळ आणून मी दूध काढते, नाचणीची खीर त्यातच. पण नारळाच्या दुधात कॅल्शियम आणि प्रथिनं फार कमी असतात. ती कसर नाचणी, राजगिरा आणि डाळींनी भरून काढावी लागते, तीही डॉक्टरांना विचारूनच. कुटाचं मिक्सरचं भांडं वेगळं ठेवलंय, कारण झाकणाच्या रबरात दाण्याचा कण अडकून राहतो.

खाल्ल्यावर मुलाचा श्वास घरघरला, जीभ सुजली किंवा ते एकदम मलूल पडलं, तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.