सिमपायला कोड द्यायला पीएचडी लागते? अजिबात नाही

इथे इंदूरला ज्युनियर पोरं अजून हेच ऐकत येतात की सिमपायसारख्या गणिताच्या लायब्ररीत (म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) हात घालायचा तर गणितात पीएचडी पाहिजे. चूक आहे हे, साफ चूक. सिमपाय ही पूर्ण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली लायब्ररी आहे, ८ चं वर्गमूळ विचारलं तर २.८२८ न सांगता २√२ असं नेमकं उत्तर देते, आणि एवढं गणित तर आपण शाळेतच केलंय ना!

मुख्य म्हणजे काम फक्त नवे अल्गोरिदम लिहायचं नसतं. डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं तिथे टेस्ट म्हणून खरोखर चालवतात, आउटपुट जरा वेगळं आलं की टेस्ट फेल, म्हणून एखाद्या फंक्शनला नीट उदाहरण जोडणं हेही खरं योगदानच आहे (माझी सुरुवात तिथूनच झाली, आणि रिव्ह्यूत दोनदा दुरुस्त्या सांगितल्या तेव्हा कुणी डिग्री विचारली नाही). सोप्या बगांना वेगळं लेबल असतं, तिथून सुरू करा. अ‍ॅरन म्युरर २००९ मध्ये विद्यार्थी म्हणूनच गूगल समर ऑफ कोडमधून (नवख्यांना ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम देणारा गूगलचा उपक्रम) आला आणि २०११ मध्ये प्रोजेक्टचं नेतृत्व त्याच्याकडे आलं. पायथन, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवायचं साधन) आणि धीर, एवढं असेल तर आजच बसा.