सशाची जुनाट सर्दी

पाळीव सशाला पुन्हा पुन्हा होणाऱ्या श्वसनविकारांना मराठवाड्यात सरसकट ‘सर्दी’ म्हणतात. औषध दिले की आठ-पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा शिंका, पुन्हा शेंबूड. माणसाची सर्दी बहुतेक वेळा विषाणूंची असते आणि आठवडाभरात जाते. सशाची सर्दी बहुधा जिवाणूंची असते आणि नाकात मुक्काम ठोकते. त्यामुळे ती मुळासकट गेली असे क्वचितच म्हणता येते. दोन उबळींमधले अंतर वाढवत नेणे, हाच तिच्यावरचा खरा उपचार आहे आणि त्यात औषधाइतकाच वाटा पिंजऱ्याभोवतीच्या हवेचा असतो.

इथे ‘ससा’ या शब्दाचा एक घोळ निस्तरला पाहिजे. तुरीच्या शेतातून उधळणारा शिवारातला ससा वेगळा. तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित असून पाळता येत नाही. घरात पाळला जातो तो युरोपीय ससा. त्याचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे आणि राहणी जमिनीखालच्या बिळातली. रानातला ससा वैशाखाचे ऊन झुडपाच्या सावलीत काढतो, पाळीव सशाला ते झेपत नाही. ‘रानात ससे राहतातच की’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

ससा जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो. त्याच्या घशाची रचनाच अशी असते, की स्वरयंत्रावरची झडप मऊ टाळूच्या वर बसलेली असते आणि हवा नाकातून थेट श्वासनलिकेत उतरते. नाक चोंदले तर माणसासारखी तोंड उघडायची सोय त्याला नाही. तोंड उघडून, मान वर ताणून श्वास घेणारा ससा म्हणजे गुदमरत असलेला ससा. तेव्हा सकाळची वाट पाहायची नसते. शिवाय पोटाच्या मानाने त्याची छाती लहान असते आणि श्वास मुख्यत्वे श्वासपटलाच्या जोरावर चालतो. त्यामुळे लठ्ठ सशाला थोडीशी सर्दीही जड जाते.

रोगाची पहिली खूण नाकावर नव्हे, पंजांवर सापडते. ससा पुढच्या पायांनी तोंड पुसत राहतो आणि नाक वरवर कोरडेच दिसते. पण पंजा हातात घेऊन आतली बाजू पाहिली, तर तिथले केस चिकटून त्यांच्या कडक, पिवळट वाती झालेल्या असतात. नंतर शिंका, नाकपुडीभोवती शेंबूड, डोळ्यातून पाणी किंवा चिपडे, झोपेत घरघर हे सगळे येते. शांत बसलेला ससा मिनिटाला साधारण ३० ते ६० वेळा श्वास घेतो. तो झोपलेला असताना कुशीची हालचाल मोजून ठेवावी, म्हणजे पुढे बिघाड झाल्यावर ताडून पाहायला आकडा हाताशी राहतो.

कारण म्हणून सर्वांत आधी नाव येते ते पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूचे. बोर्डेटेला, स्टॅफिलोकॉकस, स्युडोमोनास हेही आढळतात. पिल्लाला हा संसर्ग बहुधा आईकडूनच मिळतो आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या पुष्कळ सशांच्या नाकात पाश्चुरेला गुपचूप असतो. उष्मा, प्रवास, नवी जागा, कुत्र्याची भीती, अपुरा चारा यांनी प्रतिकारशक्ती खचली की तो डोके वर काढतो. आठवडी बाजारातून खोक्यात घालून आणलेले पिल्लू चौथ्या-पाचव्या दिवशी शिंकू लागते, त्याला ‘हवा बदलली’ म्हणतात. ते अगदीच खोटे नाही.

वारंवारतेचे दुसरे कारण नाकाच्या आत असते. जुन्या संसर्गाने नाकातली गुंडाळीसारखी नाजूक हाडे झिजतात. ती पुन्हा उगवत नाहीत. मग जिवाणू आटोक्यात आले तरी नाक स्वतःची सफाई नीट करू शकत नाही आणि थोडा शेंबूड जन्मभर राहतो. तिसरे कारण दात. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. गवत चावून ते झिजले नाहीत, तर मुळे मागे सरकून डोळ्यातून नाकात जाणारी अश्रुनलिका दाबतात. अशा सशाला ‘सर्दी’ची कितीही औषधे पाजली तरी एका डोळ्याचे पाणी थांबत नाही. पोळी, बिस्किटे आणि भिजवलेल्या हरभऱ्यावर वाढलेल्या सशात हे हमखास पाहावे.

संसर्ग नाकातच थांबेल असेही नाही. कानात उतरला तर मान एका बाजूला कलते (मान कलण्याला दुसरीही कारणे आहेत), फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो आणि कातडीखाली साठला तर गळू होते. सशाचा पू खव्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे गळू नुसते फोडून निचरा होत नाही.

मराठवाड्यातल्या घरात सशाच्या नाकाला त्रास देणाऱ्या गोष्टींचे वेळापत्रक जवळजवळ शेतीच्या वेळापत्रकासारखेच असते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या मळणीचे भुसकट उडते, त्यातच दिवाळीच्या फटाक्यांचा धूर. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा १० अंशांखाली उतरतो आणि लोक सशाला ऊब मिळावी म्हणून पिंजरा गोणपाटाने चहूबाजूंनी गुंडाळतात. ऊब मिळते, पण मुताचा वासही आतच कोंडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघाली की कडब्याची गंज लागते, कुट्टीच्या मशीनची धूळ तासन्‌तास खाली बसत नाही. उन्हाळ्यात येसर आणि काळे तिखट करायला मिरच्या भाजल्या जातात. घरातली माणसे ठसका लागला की बाहेर पळतात, पिंजऱ्यातल्या सशाला ती सोय नसते. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल तर बारमाही.

या सगळ्यांहून घातक असतो तो अमोनिया, म्हणजे मुतातून सुटणारा झोंबरा वायू. तो श्वासमार्गाचे अस्तर जाळतो आणि जिवाणूंना वाट मोकळी करून देतो. उभ्याने वास आला नाही म्हणून पिंजरा स्वच्छ आहे असे समजू नये. गुडघे टेकून नाक पिंजऱ्याच्या तळाशी न्यावे. डोळे चुरचुरले, तर ससा दिवसभर त्याच हवेत बसला आहे. तळाला लाकडाचा भुसा टाकण्याची रीत दुकानातून आली आहे, ती सोडून द्यावी. त्याची धूळ आणि वास दोन्ही बाधतात. वर्तमानपत्राचे जाड थर आणि वर गवत हे स्वस्त आणि चांगले. पाणीटंचाईच्या दिवसांत ट्रे रोज धुणे परवडत नाही, पण ओला कागद रोज दोनदा बदलायला पाणी लागत नाही. मुताचा पांढरा थर पांढऱ्या व्हिनेगरने निघतो. फिनेल वापरू नये.

घराचा प्रकारही मोजावा लागतो. जुन्या माळवदाच्या घरात उन्हाळ्यात गारवा असतो, पण छताची माती झडत राहते, म्हणून पिंजऱ्यावर कापड ताणून बांधावे. पत्र्याच्या खोलीत मात्र एप्रिल-मेच्या दुपारी ससा ठेवूच नये. बाहेर ४२ अंश असताना आत त्याहून अधिक असते आणि सशाला २८-३० अंशांपुढेच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. ओली शहाबादी फरशी आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली हे उपाय उत्तम. कूलरचा झोत अंगावर येऊ देऊ नये आणि त्याच्या टाकीत शेवाळ धरू देऊ नये.

चारा म्हणून वाळलेले गवत अटळ आहे आणि धूळ तिथूनच येते. बांधावरची हरळी किंवा मारवेल सावलीत वाळवावी. मूठभर गवत उन्हाच्या कवडशात झटकावे, कणांचा ढग उठला तर ते बाद. बुरशीच्या वासाचे गवत तर जनावरांपुढेही टाकू नये. कडबा सशासाठी भरड आणि धुळकट, त्याच्या भरवशावर ससा वाढवता येत नाही. लसूणघास चुन्याने, म्हणजे कॅल्शियमने, श्रीमंत, म्हणून वाढत्या पिल्लांना चालतो, मोठ्यांना बेताने.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांचा हात गाई-म्हशी-शेळ्यांवर बसलेला असतो, ससा त्यांच्यापुढे क्वचित येतो. दुखणे तिसऱ्यांदा उलटले, तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरावा. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहेत. नाकात खोलवरून घेतलेल्या स्रावाचे कल्चर (त्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे) आणि कोणते प्रतिजैविक लागू पडते याची चाचणी, कवटीचा व छातीचा एक्स-रे आणि दाढांची तपासणी, एवढ्याने बरेचसे कोडे सुटते. चाचणीशिवाय दर वेळी वेगळे प्रतिजैविक बदलत राहिल्याने जिवाणू फक्त निर्ढावतात.

औषधांत एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांचा वापर जास्त होतो. ती पाच दिवसांची नव्हेत, अनेक आठवड्यांची असतात. शिंका थांबल्या म्हणून मध्येच सोडलेला कोर्स हे परतीच्या दुखण्याचे नेहमीचे मूळ. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन किंवा क्लिंडामायसिन सशाला कधीही देऊ नये. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून विषारी जुलाब लागतात आणि ससा दगावतो. घरात लेकराचे उरलेले गुलाबी सिरप असते आणि ते नेमके अमॉक्सिसिलिनचे निघते. स्टेरॉइडही टाळावे, दबलेला पाश्चुरेला त्याने उसळतो.

घरगुती उपायांत ओव्याची पुरचुंडी, छातीला चोळायचे बाम आणि पातेल्याचा वाफारा यांची शिफारस शेजारून होतेच. तिन्ही नकोत. तीव्र वासाने नाक आणखी सुजते, वाफाऱ्याने उष्माघात होऊ शकतो. त्याऐवजी सलाइनचे नेब्युलायझेशन करावे. ससा जाळीच्या खोक्यात ठेवून वर चादर सैल टाकावी आणि दहा-पंधरा मिनिटे थंड धुके आत सोडावे. नंतर कोमट ओल्या फडक्याने नाकपुड्या पुसाव्यात, कारण वास आला नाही की ससा खात नाही. बारा तास न खाल्लेला, लेंड्या न टाकलेला ससा सर्दीपेक्षा पोटाने आधी जातो.

दुसरा ससा आणायचा असेल, तर तो निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा, भांडी वेगळी, आणि जुन्याला हात लावल्यावर साबणाने हात धुऊनच नव्याकडे जावे.

शिंकांची नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठेवावी: तारखेच्या चौकोनात शिंकांसाठी एक रेघ, शेंबडासाठी दोन. रेघा कडब्याच्या किंवा मिरच्यांच्या आठवड्यात दाटल्या, तर कारण हवेत आहे. बारा महिने सारख्याच पडल्या, तर ते दातांत किंवा नाकाच्या हाडांत शोधावे. शिंक नाही, शेंबूड नाही, नुसती धाप वाढत चालली असेल, तर ही सर्दीच नव्हे. वयस्क सशात छातीतली गाठ किंवा हृदयविकार, आणि नसबंदी न झालेल्या चार वर्षांपुढच्या मादीत गर्भाशयातून फुप्फुसात पसरलेला कर्करोग असू शकतो. अशा वेळी औषध बदलण्याआधी छातीचा एक्स-रे काढावा.