जे. एडगर
अमेरिकेच्या ‘एफबीआय’ या केंद्रीय तपाससंस्थेचे संचालक जॉन एडगर हूव्हर (१८९५–१९७२) यांच्यावरील अमेरिकन चरित्रपट (२०११). दिग्दर्शन क्लिंट ईस्टवुड, पटकथा डस्टिन लान्स ब्लॅक. प्रमुख भूमिका लिओनार्डो डिकॅप्रिओ (हूव्हर), आर्मी हॅमर (सहकारी क्लाइड टॉल्सन), नेओमी वॉट्स (सचिव हेलन गँडी) व जूडी डेंच (आई) यांच्या. लांबी १३७ मिनिटे.

उतारवयातला हूव्हर आपली कहाणी कनिष्ठ अधिकाऱ्यांकडून टंकलिखित करून घेतो, अशी चित्रपटाची रचना आहे. ग्रंथालयातली कार्डपद्धती गँडीला दाखवत, घड्याळ लावून पुस्तक शोधून देत तो तिथेच तिला लग्नाची मागणी घालतो. नोंदी ठेवण्याचे वेड आणि माणसांशी असलेले अवघडलेपण हा एकच प्रसंग सांगून जातो. अखेरीस ही कहाणी किती फुगवलेली आहे, हे टॉल्सन सुनावतो.

वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या बालकाच्या अपहरणाचा (१९३२) तपास विस्ताराने येतो. आरोपी हाउप्टमानच्या माळ्यावरील फळी आणि गुन्ह्यातील शिडीचे लाकूड यांचा मेळ आर्थर कोलर यांनी वाढवलये (लाकडातील वार्षिक वाढीची वर्तुळे), रंध्याच्या खुणा आणि खिळ्यांची भोके यांवरून घातला. ते एफबीआयचे नव्हे, तर वनखात्याचे लाकूडतज्ज्ञ होते आणि मूळ तपास न्यू जर्सीच्या राज्य पोलिसांकडे होता, हे चित्रपट पाहताना ध्यानात ठेवावे.

सर्वाधिक वाद हूव्हर यांनी ठेवलेल्या गुप्त फायलींचा. त्या वेगळ्या ठेवण्याची पद्धत साधारणतः १९४०च्या दशकाच्या आरंभी रूढ झाली असावी. ‘कार्यालयीन व गोपनीय’ आणि ‘वैयक्तिक व गोपनीय’ असे दोन संग्रह होते. पहिला टिकला, १९७५ मध्ये त्यात १६४ फायली असल्याचे अमेरिकी संसदेला सांगण्यात आले. दुसरा गँडी यांनी हूव्हर यांच्या मृत्यूनंतर नष्ट केला. त्यात केवळ खाजगी पत्रव्यवहार होता, अशी साक्ष त्यांनी दिली. इतिहासकार एथन थिओहॅरिस यांना ती पटली नाही. उपलब्ध पुरावा पाहता त्यांचा संशय रास्त वाटतो. चित्रपट शेवटी कागद फाडणारी गँडी आणि रिकामे खण दाखवतो, त्यांत काय होते ते सांगत नाही. हा संयम योग्यच आहे.

टॉल्सनशी असलेल्या संबंधांबाबत मात्र पटकथा पुराव्यापुढे जाते. दोघांचे रोजचे एकत्र जेवण, सहली आणि टॉल्सन यांना मिळालेला वारसा यांची नोंद आहे; हॉटेलातील भांडण व चुंबन ही पटकथाकाराची रचना. आईच्या मृत्यूनंतर (१९३८) तिचा पोशाख अंगावर चढवण्याच्या दृश्यामागे हूव्हर स्त्रीवेष करत असल्याची जुनी वदंता असावी. १९९० च्या दशकात गाजलेली ती कथा बहुतेक अभ्यासक अविश्वसनीय मानतात. दृश्याचा सूर मात्र चेष्टेचा नाही, शोकाचा आहे.

वृद्धावस्थेच्या रंगभूषेवर, विशेषतः टॉल्सनच्या, बरीच टीका झाली. डिकॅप्रिओला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले.