डीपी लावलं म्हणजे जहाज गोठत नाही

नागपुरात बसून मुंबई हायसारख्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या नोकरीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: डायनॅमिक पोझिशनिंग (डीपी), म्हणजे जहाजाला नांगराशिवाय ठरल्या जागी धरणारी यंत्रणा, सुरू केली की जहाज जागच्या जागी स्थिर. हे चूक आहे. जहाजावरच्या क्रेनजवळ माणसं काम करतात, म्हणून धोक्याचंही आहे.

जहाजाच्या हालचाली सहा. डीपीचे थ्रस्टर (जहाजाला ढकलणारे पंखे) त्यातल्या तीनच सांभाळतात: पुढे-मागे सरकणं, आडवं सरकणं आणि नाकाची दिशा. वर-खाली होणं, कुशीवर डोलणं आणि नाक उचलणं-बुडवणं लाटांच्याच हाती. क्रेनचं टोक मध्यरेषेपासून 20 मीटर बाहेर असेल आणि जहाज त्या बाजूला फक्त 3 अंश कललं, तरी टोक साधारण 1 मीटर खाली जातं.

मग हे वर-खाली होणं मोजायचं कसं? त्यासाठीच्या मोशन रेफरन्स युनिट या उपकरणात जायरो (फिरणं मोजणारे) आणि ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारे) असतात. त्वरणाचं दोनदा इंटिग्रेशन केलं की उंचीतला बदल मिळतो. पण सेन्सरमध्ये 0.01 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी चूक कायम राहिली, तर एका मिनिटात हिशेब 18 मीटरनं भरकटतो! म्हणून फिल्टर लावून संथ बदल गाळतात. त्यातच भरती-ओहोटीही गळते. ती वेगळी मोजावी लागते.

हे आकडे विंचला, म्हणजे क्रेनचा दोर गुंडाळणाऱ्या-सोडणाऱ्या यंत्राला जातात. जहाज चढलं की विंच तेवढा दोर सोडते, उतरलं की ओढून घेते. हलत्या जहाजावरूनही हूक समुद्रतळापासून जवळपास त्याच उंचीवर राहतो. लाटांपुढे विंचचा वेग कमी पडला, तर काम थांबवावंच लागतं.