रायफलची गोळी आणि पोलादी पत्रा : पार्श्वभूमी

रायफलची गोळी पोलादी पत्र्यातून आरपार जाईल की नाही, हे केवळ तिच्या वेगावर अवलंबून नसते; पत्र्याला भिडताना ती आपला आकार टिकवते का, यावर बरेच ठरते. युरोपीय सैन्यांना हे खऱ्या अर्थाने उमगले ते पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत.

१८८६ मध्ये फ्रान्सने बिनधुराच्या दारूवर चालणारी लेबेल रायफल आणली आणि गोळीचा वेग एकदम वाढला. १९०५ च्या सुमारास जर्मनीने स्वीकारलेली टोकदार गोळी जेमतेम १० ग्रॅमची होती आणि सेकंदाला जवळपास ९०० मीटर वेगाने सुटत असे. तिचे आवरण कठीण धातूचे असले तरी गाभा शिशाचाच होता. कडक पत्र्यावर आदळताच शिसे पसरते, आघात विखुरतो आणि पत्र्याला फार तर पोचा पडतो. गंमत म्हणजे वाळूच्या पोत्यांत हीच गोळी अगदी जवळून झाडली तर लांबून झाडलेल्या गोळीपेक्षा कमी खोल शिरे, कारण जादा वेगामुळे ती लगेच आडवी होई किंवा फुटे.

खंदकांतील नेमबाज पोलादी ढालींच्या भोकांतून नेम धरू लागले, तेव्हा ब्रिटिशांनी त्या ढाली फोडायला हत्तीच्या शिकारीच्या अवजड रायफली आणल्या. जर्मनांनी मात्र गोळीचा गाभाच बदलून तो कठीण पोलादाचा केला. अशा गोळीचे आवरण पत्र्यावर सोलून निघते आणि अणकुचीदार गाभा तेवढा पुढे घुसतो. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ब्रिटिशांचे रणगाडे प्रथम उतरले, तेव्हा त्यांचे चिलखत ६ ते १२ मिलिमीटर जाडीचे होते. एप्रिल १९१७ मध्ये बुलेकूर येथे हाती लागलेले दोन रणगाडे तपासल्यावर ही गोळी चिलखत भेदते, याची जर्मनांना खात्री पटली.

गोळी आत शिरली नाही, तरी आतल्या शिपायांची सुटका नव्हती. फटींमधून शिशाचे तप्त तुषार उडत आणि पत्र्याच्या आतल्या अंगाने पोलादाच्या कपच्या सुटत, म्हणून त्यांना चामड्याचे मुखवटे दिले गेले, ज्यांच्या खालच्या कडेला तोंड झाकणारी साखळ्यांची जाळी लोंबत असे.

जून १९१७ मध्ये बेल्जियममधील मेसिनला उतरलेल्या मार्क चार या नव्या ब्रिटिश रणगाड्यांच्या बाजूंचे पत्रे जाड केलेले होते. त्याला उत्तर म्हणून १९१८ मध्ये माउझर या जर्मन कंपनीची १३.२ मिलिमीटरची, एका वेळी एकच गोळी झाडणारी, सुमारे १८ किलो वजनाची रायफल आली. तिचा धक्का शिपायाच्या खांद्याला जेमतेम सोसवे. पुढे १९४० च्या सुमारास रणगाड्यांचे पुढचे चिलखत ३० मिलिमीटरवर गेले आणि खांद्याला लावून झाडायच्या अशा रायफली मागे पडत गेल्या.