काळ्या कोळशातला उजेड

ओदिलों रेदों (१८४०–१९१६) हा फ्रेंच चित्रकार पन्नाशीपर्यंत मुख्यतः काळ्यातच रमला होता. त्याचं एक कोळशाचं चित्र पॅरिसच्या पेती पाले या संग्रहालयात आहे: ‘प्रोफिल द ल्युमिएर’, म्हणजे उजेडातला एका बाजूचा चेहरा. चेहरा एका स्त्रीचा आहे. १८८६ साली रेदोंने त्याचा शिळाछापही (दगडावर चित्र काढून घेतलेला छाप) काढला. गाल, कपाळ आणि नाक अंधारातून हळूच उजळून येतात. मला यात सगळ्यात जास्त भावतं ते हे, की तिथे पांढरा रंग लावलेलाच नसतो. कोळशाच्या चित्रात उजळ भाग म्हणजे बहुतेकदा उघडा ठेवलेला किंवा पुसून मोकळा केलेला कागद. त्या काळी पुसायला पावाचा मऊ गर वापरत.

हा कोळसा द्राक्षवेलीच्या किंवा विलोच्या काड्यांचा. फ्रान्समध्ये ‘फ्युझँ’ नावाच्या झुडपाच्याही काड्या वापरत. फ्रेंचमध्ये या कोळशाला आणि त्याने काढलेल्या चित्रालाही तेच नाव पडलं. काड्या बंद भांड्यात, हवा न लागू देता तापवायच्या. हवा मिळाली तर राख होते. न मिळाली तर पाणी, वायू आणि डांबर निघून जातात आणि मुख्यतः कार्बन उरतो. गंमत म्हणजे लाकडाच्या पेशींची चौकट तशीच टिकते. म्हणून कोळशाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली फुटक्या, सच्छिद्र चिपेसारखा दिसतो. पेन्सिलीतलं ग्रॅफाइटही कार्बनच, पण त्याचे थर एकमेकांवरून घसरतात आणि चमकतात. कोळशाच्या छिद्रांत प्रकाश अडकतो, म्हणून तो मखमली काळा दिसतो.

हे कण कागदाच्या खडबडीत पृष्ठभागावर नुसते टेकलेले असतात. बोट फिरवलं की सरकतात, आणि गालावरची मऊ सावली याच सैलपणामुळे साधते. पण मग चित्र टिकायचं कसं? मद्यार्कात विरघळवलेली राळ किंवा लाख त्यावर फवारत. ही लाख भारतातल्या पळस, बोर, कोशिंबाच्या फांद्यांवरचा किडा तयार करतो! मद्यार्क उडून जातो आणि राळेची पातळ पापडी कण धरून ठेवते.

मात्र राळ काळानुसार पिवळसर होते. रेदोंच्या अनेक कोळसाचित्रांतला आजचा सोनेरी रंग काही अंशी त्यातूनच आला आहे. म्हणजे त्या गालांवरची ऊब त्याने काढलेली असेलच असं नाही.