गरीब कोण, हे ठरवायचं कसं? : पार्श्वभूमी

जत किंवा माण तालुक्यात असं घर सहज सापडेल, ज्याचं रेशनकार्ड केशरी आहे, त्यावर ‘प्राधान्य कुटुंब’ (म्हणजे सवलतीच्या धान्याला पात्र) असा शिक्का आहे आणि 2002 च्या दारिद्र्यरेषेच्या यादीत मात्र नाव नाही. एका कागदावर गरीब, दुसऱ्यावर नाही. घरकुलावरून ग्रामसभेत जुंपायची ती इथेच. हा घोळ जुना आहे आणि एकट्या आपल्या देशाचा नाही.

मोजणी सगळीकडे पोटापासून सुरू झाली. दादाभाई नौरोजींनी किमान शिध्याची किंमत काढून 1867-68 च्या भावाने माणशी वर्षाला 16 ते 35 रुपये लागतात असं मांडलं. इंग्लंडात समाजाचे अभ्यासक राउंट्री यांनी 1899 मध्ये यॉर्क शहरात घरोघर चौकशी केली आणि पाच जणांच्या कुटुंबाला आठवड्याला 21 शिलिंग 8 पेन्स हवेत असं ठरवलं. अमेरिकेत मॉली ऑर्शान्स्की या सरकारी अभ्यासक बाईंनी 1960 च्या दशकात काटकसरीच्या आहाराचा खर्च धरला आणि त्याला तीनने गुणलं, कारण तिथली घरं तेव्हा मिळकतीचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर घालवत. महागाईची भर घालत अमेरिकेची अधिकृत रेषा अजून त्याच हिशेबावर चालते! युरोपीय संघाची रीत वेगळी. देशातल्या मधल्या माणसाच्या उत्पन्नाच्या 60 टक्क्यांखाली जो, त्याला गरिबीचा धोका. म्हणजे देश सधन झाला की रेषाही वर सरकते. चीनने 2010 च्या भावाने वर्षाला 2300 युआन ही रेषा धरली आणि 2021 मध्ये अतिगरिबी संपल्याचं जाहीर केलं. जागतिक बँकेची 1990 मधली माणशी रोज एक डॉलरची रेषा 2025 मध्ये तीन डॉलरवर आली.

भारतात या विषयावरचं सर्वांत गाजलेलं काम साताऱ्यात जन्मलेल्या वि. म. दांडेकरांचं. पुण्याच्या गोखले संस्थेत नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी 1971 मध्ये रोज माणशी 2250 उष्मांक हा निकष लावला. 1960-61 च्या भावाने त्याचा खर्च खेड्यात माणशी महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस रुपये निघाला. त्या हिशेबाने ग्रामीण भागातले सुमारे 40 टक्के लोक गरीब ठरले. पण दोघे मोजून थांबले नाहीत. ज्याला काम हवं त्याला सरकारने मजुरीचं काम द्यावं, असंही त्यांनी सुचवलं.

तेच काम सांगली जिल्ह्यात आधीच सुरू झालं होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1969 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात रोजगार हमीचा प्रयोग केला. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळात वाटलेला पूरक आहार) यांवर दिवस काढत माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर गेली. माझ्या मते या योजनेचं खरं शहाणपण असं, की तिला रेषेची गरजच नव्हती. भर उन्हात जो खडी फोडायला येतो, त्याला उत्पन्नाचा दाखला कशाला मागायचा? मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव चढलं की झालं. 1977 मध्ये कायदा झाला, 1979 पासून तो लागू झाला. केंद्राने 2005 मध्ये तोच मार्ग धरला.

बाकी योजनांना मात्र यादी लागली. 2002 च्या पाहणीत 13 प्रश्न होते, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 52. दोन वेळचं जेवण मिळतं का, शौचालय आहे का, घरात माणशी कपडे किती? दोनपेक्षा कमी असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. आता ऊसतोडीला कोयता घेऊन निघालेल्या बाईचे कपडे कोण, कुठे मोजणार! शिवाय यादीत घरं किती बसवायची, त्याची मर्यादा वरूनच आलेली.

पुढे 2009 मध्ये तेंडुलकर समितीने आणि 2014 मध्ये रंगराजन समितीने रेषा पुन्हा आखली. 2021 पासून नीती आयोग शिक्षण, आरोग्य, राहणीमान या तीन बाबतींतले मिळून 12 निर्देशक लावतो. रेशनचा हिशेब यातल्या कशालाच धरून नाही. पिवळ्या, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या, कार्डासाठी 1999 मध्ये वर्षाला 15,000 रुपयांची मर्यादा आली, तर अन्नसुरक्षा कायद्यानंतर प्राधान्य कुटुंबासाठी खेड्यात 44,000 आणि शहरात 59,000 रुपयांची.